मागच्याची जागा

पुरुषोत्तमरावांनी झांजांची जोडी धोतरात गुंडाळली, बॅगेच्या तळाशी ठेवली, तिच्यावर दोन सदरे ठेवले आणि मग सगळं पुन्हा बाहेर काढलं. झांजा वर हव्यात. विमानतळावर उघडून दाखवायला लागल्या तर खालचं सगळं विस्कटतं. हे त्यांना सकाळपासून तिसऱ्यांदा सुचलं होतं.

भिंतीपलीकडच्या अरुंद खोलीत सुचित्रा हेडफोन चढवून बसली होती. तिच्या कानांत ग्रीनलंडच्या पूर्वेचा समुद्रतळ होता, दीड वर्षापूर्वीच्या नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित केलेला. त्या तळावर कुणीतरी बॅगेची चेन उघडत होतं, लावत होतं, पुन्हा उघडत होतं.

दार ढकललं गेलं.

"सुचे, विमान नक्की ना?"

"हो बाबा. अठराचं. डब्लिनहून."

"रद्दबिद्द तर नाही ना करून राहिले?"

"अजून तरी नाही."

"अजून तरी म्हणजे?" ते क्षणभर दारात थांबले. तिच्या टेबलावरचा गार झालेला चहा उचलला, कप घेऊन स्वयंपाकघरात गेले, तो न धुताच परत आले आणि तसाच पुन्हा टेबलावर ठेवून आपल्या खोलीत गेले. चेन वाजली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत ते तीन महिन्यांसाठी म्हणून गॉलवेला लेकीकडे आले होते. या एप्रिलात चौदा महिने झाले. नागपुरात महालातल्या राममंदिरात एक्केचाळीस वर्षं रामजन्माचं कीर्तन त्यांनी केलं होतं. गेल्या वर्षी मंदिराला कुलूप होतं, आणि बुवा इथे, फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या दोन पावलांच्या जागेत उभं राहून भिंतीला रामजन्म सांगत होते. यंदा मंदिराचे विश्वस्त बाळासाहेब म्हणाले होते, पाच माणसं आत आणि बाकी सगळे कॅमेऱ्यावर, पण होणार. तेवढं ऐकून बुवांनी तिकीट काढायला लावलं. नागपूरच्या बातम्या सुचित्रा त्यांना दाखवत राहिली. ते बातम्या बघायचे, मान हलवायचे आणि उठून बॅगेकडे जायचे.

हे तिला रोजचंच झालं होतं. शुक्रवारपासून मात्र त्यात आणखी एक गोष्ट शिरली होती.

शुक्रवारी बाळासाहेबांचा फोन थेट तिला आला. "ताई, रवींद्र गेला. पहाटे. चार दिवस नुसते बेडसाठी फिरलो." ते खाकरले. "बुवांना कसं सांगायचं, तुम्हीच ठरवा."

रवींद्र म्हणजे बुवांच्या मागे एक्केचाळीस वर्षं पेटीवर बसलेला माणूस. दुसऱ्या कुणाला त्यानं साथ केली नाही, आणि त्याच्याशिवाय बुवा उभे राहिले नाहीत.

"सांगून टाक," नवरा नितेश त्या संध्याकाळी हळू आवाजात म्हणाला होता. "आज ना उद्या कळणारच."

"सांगितलं तर तेराव्याला म्हणून जातीलच. मग कोण अडवेल? दोन स्टेंट आहेत त्यांच्या छातीत, नितेश."

"न सांगताही चाललेच आहेत ना?"

"तोवर एअरलाइनच काहीतरी करेल. विमानं बंद होतील. काहीतरी होईल."

आपण कशाची वाट बघतोय हे तिला स्वतःलाच ऐकवेना. त्यात रविवार आला. रवींद्रकाकांकडे साधा फोन होता, आणि दर रविवारी सकाळी बुवा लेकीच्या फोनवरून त्यांच्याशी अर्धा तास बोलायचे. त्या रविवारी ते आंघोळीहून बाहेर येण्याआधीच तिनं वाक्य तयार ठेवलं होतं.

"बाबा, आत्ताच बोलले मी काकांशी. जरा गडबडीत होते. पेटीचा भाता गळतोय, ती दुरुस्तीला टाकलीय म्हणाले. सवडीनं फोन करतो म्हणाले."

बुवा टॉवेलनं कान पुसत होते. पुसतच राहिले.

"दुरुस्तीला," ते म्हणाले.

"हो. रामनवमीच्या आत मिळेल म्हणे."

"बरं."

ते खोलीत गेले आणि बॅग भरू लागले. तेव्हापासून रवींद्राचं नाव त्यांनी काढलं नव्हतं. त्याचंच तिला बरं वाटत होतं.

*

संध्याकाळी ती त्यांना सॉल्टहिलच्या प्रॉमवर घेऊन गेली. घरात त्यांच्या येरझाऱ्यांना सहा पावलं पुरत नसत. इथे समुद्राच्या कडेनं सरळ दीड मैल रस्ता होता. वारा असा की बोललेलं निम्मं मागे पडावं. शेजारचा मार्टिन कुत्र्याला फिरवत समोरून आला आणि लांबूनच हात हलवून ओरडला, "हाउ आर यू, पुरू!"

"ग्रँड, ग्रँड!" बुवा ओरडले. मग लेकीकडे वळून, "माझ्या बापानं मला कधी पुरू म्हटलं नाही. हा म्हणतो, आणि मला राग येत नाही. नवलच आहे."

थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "तू दिवसभर काय ऐकून राहिली असते गं?"

"देवमासे, बाबा. म्हणजे ऐकू यायला पाहिजेत ते. सध्या येत नाहीयेत."

"काहून?"

तिनं मफलर सारखा केला. विद्यापीठातल्या तिच्या कामाबद्दल चौदा महिन्यांत त्यांनी प्रथमच विचारलं होतं. "उत्तरेला एक जात आहे, बोहेड म्हणतात. डोकं एवढं दांडगं की खालून धडक देऊन बर्फ फोडतात आणि श्वासापुरती जागा करतात. दोनशे वर्षं जगतात."

"दोनशे!" ते थांबले. "म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा जन्मलेला एखादा असेल."

"असेल की. आणि गातात. हिवाळाभर, सगळा अंधार असतो तेव्हा. दर वर्षी नवी गाणी."

"दर वर्षी नवी?" बुवांनी कपाळाला हात लावला. "मी सव्वीस आख्यानांवर जन्म काढला, बाई."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

"मग आता काय झालं त्यांना?"

"समुद्र तापलाय. बर्फ महिना महिना उशिरा धरतो. बर्फ म्हणजे त्यांचं छप्पर. छप्पर नसलं की जहाजं आत शिरतात, शिकारी ओर्का शिरतात. जहाजांचा आवाज वाढला की हे आधी आपला आवाज चढवतात..."

"चढवणारच. देवळापुढून लग्नाचा बँड गेला की मीही चढवतो."

"आणि एका पातळीनंतर गप्प होतात. ओर्का आल्या तर लगेचच. बर्फाच्या कडेला अंग चोरून राहतात."

"गप्प झाले की नाहीसे झाले?"

"तेच तर कळत नाहीये. आमचा प्रोग्रॅम म्हणतो, त्या नोव्हेंबरात तिथे एकही नाही. ईफा, माझी साहेबीण, म्हणते, उत्तरेला सरकले असतील, तसं लिहून मोकळी हो. पण एकदा 'इथे नाहीत' असं लिहिलं की ते समुद्राचं तेवढं अंग रिकामं म्हणून धरलं जातं. म्हणून मी स्वतः ऐकत बसलेय."

प्रॉमच्या टोकाला भिंत आली. इथवर चालत येणारा प्रत्येक जण त्या भिंतीला बुटाची ठोकर मारून मागे फिरतो. गावचा नेम आहे. पुढची दोन मुलं ठोकर मारून वळली. बुवांनी चौदा महिन्यांत भिंतीला पाय लावला नव्हता. त्यांनी नेहमीसारखा तळवा टेकवला आणि छातीशी नेला. मग त्या दिवशी, वळता वळता, पुन्हा एकदा टेकवला.

"मला ऐकव ते," ते म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्यांना हेडफोन घालत होती तेव्हा त्यांचे पाय टेबलाखाली सारखे हलत होते. पाच मिनिटं बसतील, मग बॅग आठवेल, असा तिचा अंदाज होता.

आधी नुसता घुमारा. मग लांबून जहाजाचं इंजिन, एकसारखं. बर्फाचे कडाके. बुवांनी डोळे मिटले. तासाभरानं ते तसेच बसलेले होते आणि पाय थांबलेले होते.

"हे काय?" त्यांनी बोट वर केलं.

"बर्फ. घासतो एकमेकांवर. प्रोग्रॅमनं बर्फच म्हटलंय."

"मागं घे."

तिनं मागे घेतलं आणि स्पीकरही सुरू केला. एक खरखरीत, कण्हल्यासारखा आवाज वर चढला, वळला आणि मध्येच तुटला. मग काही नाही. मग पुन्हा तोच चढ, तेच वळण.

"बर्फ सुरात घासत नाही, सुचे. हा श्वास घेऊन राहिला. ऐक, उचलायच्या आधी थांबतो बघ किंचित." त्यांचा डावा हात मांडीवर आला आणि बोटं मोजू लागली. "आता सोडली ओळ. आता थांब. थांब... थांब... आता घेईल."

आवाज आला.

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा त्याच बोटावर आवाज आला. सुचित्रानं पडद्यावर दोन रेघा ओढल्या आणि अंतर बघितलं. एकोणीस सेकंद. पुढचं एकोणीस. त्याच्या पुढचं वीस.

"प्रोग्रॅम एकमेकांवर चढणारे आवाज शोधतो," ती हळूच म्हणाली. "हे नेहमी खूप जण एकदम गातात. म्हणून हा सुटला."

"हा ओळ म्हणतो आणि मागच्यासाठी सोडतो." बुवांचे डोळे मिटलेलेच होते. "कीर्तनात तसंच असतं. बुवानं चरण म्हणायचा आणि सोडायचा. मग पेटीनं तो उचलायचा, फिरवून परत हातात द्यायचा. तेवढ्यात बुवाचा श्वास होतो. तेवढी जागा मागच्याची." ते थांबले. "याच्या मागचा कोणी नाही. जागा मात्र मोजून तेवढीच सोडतो."

सुचित्राचा हात माउसवर होता. आत्ता सांगावं, असं तिच्या गळ्यापर्यंत आलं.

"बाबा, ते माणसांसारखं नसतं," ती म्हणाली. "तो कुणाची वाट बघतोय असं आम्हाला लिहिता नाही येत."

"नको लिहू. जागा किती सोडली ते लिही."

"बाबा..."

"पुढचं लाव," ते म्हणाले.

तीन दिवस ते तिच्या शेजारी बसले. नितेश दोनदा दाराशी येऊन बघून गेला. तिन्ही रात्री जेवणानंतर बुवांनी बॅग उघडली आणि लावली. शनिवारी पीसीआर तपासणीची वेळ घेतलेली होती. सकाळी सात वाजता सुचित्रा गाडीची किल्ली शोधत स्वयंपाकघरात आली तर ते खिडकीशी उभे होते, पाठमोरे. समुद्रावर अजून करडा उजेड होता.

"नको जाऊ तिकडे. तिकीट रद्द करून टाक."

ती किल्ली हातात धरून उभी राहिली. "आणि रामजन्म?"

"इथून करीन. तिकडचे बारा म्हणजे इथले साडेसात ना?"

"हो."

"मग झालं. बाळासाहेबाला कळव."

त्यांची खोली आवरायला गेली तेव्हा तिला दिसलं की बॅग रिकामी करून कपाटाच्या माथ्यावर चढवून ठेवलेली आहे आणि धोतरं आतल्या फळीवर घड्या घालून ठेवलेली आहेत. झांजा उशीशी होत्या. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडली, थोडंसंच, सुटका झाल्यासारखं. रामनवमी होऊन जाऊ दे, तिनं ठरवलं. मग सांगू. मग नीट, शेजारी बसून सांगू.

*

रामनवमीला पहाटे पाचपासून घर जागं होतं. इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकांची चळत रचून नितेशनं लॅपटॉप बुवांच्या छातीच्या उंचीवर आणला. वेताच्या टोपलीला साडीच्या काठाची दोरी बांधून सुचित्रानं पाळणा केला, त्यात कुंची घातलेला नारळ. बुवा फेटा बांधून, उपरणं घेऊन कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. एकदा उभे राहिले की आरती होईपर्यंत बसायचं नाही, हा त्यांचा नेम.

पडद्यावर मंदिराचा गाभारा उमटला, बाजूला लहान लहान चौकटींतून चेहरे. बाळासाहेबांचा चेहरा फार जवळ आला. मास्कवरचे डोळे आधी सुचित्राला शोधत होते.

"बुवा, नमस्कार. मी काय म्हणतो... पेटीला इथं एक जण बोलावू शकतो. जोशांचा ज्ञानेश, चांगला वाजवतो. पण आवाज मागेपुढे होईल म्हणतात या मशीनवर."

"माझ्याकडे अ‍ॅप आहे," नितेश पुढे झाला. "तानपुरा, पेटी, सगळं आहे."

"पेटी नको, नितेशराव," बुवा म्हणाले. "तानपुरा असू द्या, बारीक."

बाळासाहेबांचा चेहरा मागे गेला. सुचित्राच्या छातीतून श्वास सुटला.

बुवांनी झांजा जुळवल्या आणि नमन धरलं. चौदा महिन्यांत घरात इतका मोठा आवाज लागला नव्हता. कपाटातल्या वाट्या किणकिणल्या. पहिली ओळ वर गेली, वळली, समेवर आली आणि थांबली.

काही नाही. नुसता तानपुरा.

"नेट गेलं?" नितेश पुटपुटला आणि लॅपटॉपकडे झेपावला. सुचित्रानं त्याचा दंड धरला. नेट गेलं नव्हतं. बुवांचं डोकं किंचित डावीकडे कललं होतं, जरा मागे, जिथे बैठकीवर साथीदार असतो. त्यांचा हात थांबलेला होता, पण बोटं झांजेच्या दोरीवर मोजत होती. सोळा मात्रा पूर्ण झाल्या आणि त्यांनी दुसरा चरण उचलला.

दुसऱ्यानंतरही तसंच झालं, आणि तिसऱ्यानंतरही.

निरूपण झालं, आख्यान लागलं. दशरथाचा यज्ञ, पायसाचे वाटे, कौसल्येचं बावरणं. गोष्ट सांगताना ते हसवत होते, मध्येच कैकयीच्या दासीची नक्कलही करून गेले. चौकटींतले म्हातारे चेहरे हलत होते. पण प्रत्येक पद आलं की ते ओळ म्हणत आणि मागच्यासाठी सोडत, तेवढीच, मोजून. चौथ्या पदाला मंदिरातल्या पाच जणांपैकी एकानं उपरणं तोंडाशी नेलं. बाळासाहेब चौकटीतून उठून गेले.

तेव्हा सुचित्राला कळलं. दरवाजाच्या चौकटीला टेकून तिनं आपल्या हातांकडे बघितलं.

साडेसात वाजले. तिकडे घंटा झाली, इकडे नितेशनं गुलालाऐवजी कुंकू उधळलं, पाळणा हलला. पाळण्याचं पद सुचित्राला लहानपणापासून पाठ होतं. बुवांनी पहिली ओळ सोडली, आणि तिचे ओठ उघडले. ती उचलू शकली असती. डावीकडे कललेलं ते डोकं तिनं बघितलं आणि ओठ मिटले.

आरती झाली. नितेशनं लॅपटॉप मिटला. बुवा खाली बसले. सुचित्रानं सुंठवड्याची वाटी पुढे केली. त्यांनी चिमूट तिच्या तळव्यावर ठेवली, एक नितेशला दिली. एक कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी डाव्या बाजूला, आपल्या मागे, जमिनीवर ठेवली.

"कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"तू पेटी दुरुस्तीला टाकलीस तेव्हा."

तिनं तळव्यावरची चिमूट मुठीत मिटली.

"रवींद्राच्या पेटीला त्याच्या बायकोनं कधी हात लावला नाही, बाई. कुंभार गल्लीतल्या त्या ओट्यावर बसून भाता स्वतः चिकटवायचा, सूर स्वतः घासायचा. तो काय रामनवमीच्या तोंडावर पेटी दुसऱ्याच्या दुकानात टाकून राहिला?" त्यांनी फेटा उतरवून मांडीवर ठेवला. "कधी गेला?"

"शुक्रवारी. तुम्हाला सांगायच्या दोन दिवस आधी." मग तिनं स्वतःलाच दुरुस्त केलं. "न सांगायच्या."

"हाल झाले?"

"चार दिवस."

त्यांनी मान हलवली. फेट्याची कड बोटांनी सरळ करत राहिले.

"मग बॅग का भरत होतात, बाबा?"

"हातांना काहीतरी लागतं ना." ते म्हणाले, "आणि तू कधी सांगतेस ते बघत होतो. मग त्याचं ऐकलं. त्या तुझ्या देवमाशाचं. म्हटलं, जाऊन तरी उभं कुणापुढे राहायचं? जागा सोडायची ती इथूनही सोडता येते."

खिडकीबाहेर मार्टिनचं कुत्रं भुंकलं. नितेश उठून चहा ठेवायला गेला.

"गाऊन राहिला का तो अजून?" बुवांनी विचारलं.

"नोव्हेंबर संपला त्याचा. पुढचं ऐकलं नाहीये मी."

"मग बर्फ आला की नाही ते कसं कळेल?"

ती उठली. लॅपटॉप पुस्तकांवरून उतरवून दोघांच्या मध्ये जमिनीवर ठेवला आणि हेडफोन उलटा करून एक बाजू त्यांच्या कानाशी धरली, दुसरी आपल्या. नोव्हेंबरच्या रकान्यात प्रोग्रॅमनं लिहिलेलं 'नाही' तिनं पुसलं आणि तिथे 'एक' लिहिलं. मग डिसेंबर उघडला.

इंजिनाची घरघर. तिच्याखाली आणखी काहीतरी, जाड, करकरणारं, उशिरानं का होईना धरत आलेलं छप्पर. बराच वेळ तेवढंच. मग तो चढ आला, ते वळण, आणि ओळ सुटली.

पुरुषोत्तमरावांचा डावा हात मांडीवर आला. पहिलं बोट टेकलं, दुसरं टेकलं. सुचित्रा पडद्याकडे न बघता त्या बोटांकडे बघत राहिली.